उडणाऱ्या माणसाचा परवाना

आकाशात उडणाऱ्या माणसाला सरकारी परवाना लागतो की नाही, यावरचं भांडण मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या क्वार्टरच्या गॅलरीत. भांडणारे दोघं. एक माझे बाबा, सरकारी नोकर, कारखाने तपासणारे इन्स्पेक्टर. दुसरी माझी मैत्रीण, वय तेरा, बोटांना पेन्सिलीची काजळी. मी मध्ये बसून शेंगा फोडत होते आणि दोघांवरही वैतागले होते, कारण भांडण ज्याच्यावरून चाललं होतं तो माणूस आम्ही दोघींनी रचला होता, म्हणजे अर्धा माझा होता, आणि मला कोणी विचारतच नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अंधेरी पूर्वेला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, ती तिथून दहा मिनिटांवर मरोळच्या एका बैठ्या चाळीत. शाळा एक, वर्ग एक, बाक एक. तिचे वडील मालवणकडचे. आधी परळच्या एका गिरणीत होते. गिरणी बंद पडली, दोन वर्षं नुसती वाट बघण्यात गेली, आणि मग मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या गाळ्यात ते प्रेसवर लागले. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याची झाकणं काढणारं मशीन. मी त्यांना काका म्हणायचे. हसरा माणूस. गिरणीबद्दल विचारलं की मात्र उठून बाहेर जायचे.

नाक्यावर एक दुकान होतं, तिथे कॉमिक्स भाड्याने मिळायची. इंग्रजी, हिंदी, मराठी, हाताला लागेल ते आम्ही वाचायचो. पुस्तकं इतकी फिरलेली असायची की शेवटचं पान हमखास गायब. म्हणजे हिरो इमारतीवरून उडी मारायचा आणि पुढे त्याचं काय झालं ते देव जाणे. मग ते शेवटचं पान आम्हीच रचायचो. त्यातूनच आमचं स्वतःचं कॉमिक सुरू झालं. एक जाड लांब वही. चित्रं ती काढायची, फुग्यांतले संवाद माझे, कारण माझं अक्षर चांगलं आणि तिचं म्हणजे कोंबडीचे पाय. हिरोच्या नावावरून आम्ही दोन आठवडे भांडलो आणि शेवटी ठेवलंच नाही. आम्ही त्याला नुसतं ‘तो’ म्हणायचो.

‘तो’ उडायचा, भिंती फोडायचा, एका हाताने ट्रक अडवायचा. मरोळ नाक्यावर शाळेच्या मुलांच्या अंगावर येणारा, ब्रेक फेल झालेला ट्रक त्याने असाच अडवला आणि ट्रक आडवा झाला तो थेट फळांच्या गाडीवर. मैत्रिणीने मोसंबी गडगडताना अशी झकास काढली होती की वर्गात ते पान सगळ्यांनी दोनदा पाहिलं.

ते पान बाबांच्या हाती लागलं. बाबा काही गमतीने बघणारे नव्हते. त्यांनी चष्मा लावून ते कारखान्याच्या कागदासारखं वाचलं आणि विचारलं, फळवाल्याचं काय? त्याची गाडी मोडली ती भरून कोण देणार? ट्रकमध्ये ड्रायव्हर होता, तो कुठे गेला? आम्हाला काय माहीत कुठे गेला. आम्ही ड्रायव्हर काढायलाच विसरलो होतो. मैत्रीण बाबांना म्हणाली, पण त्याने शाळेतली मुलं वाचवली ना, तो चांगला आहे.

बाबा म्हणाले, “चांगला आहे हे ठरवलं कोणी? त्यानेच ना?”

मग ती भांडली. तास-दीड तास भांडली. असं साहेबांशी तोंड वर करून बोलणारी दुसरी मुलगी मी पाहिली नाही. तिच्या जागी मी असते तर केव्हाच रडले असते. बाबा मात्र खूश होते. घरी त्यांच्याशी कोणी वादच घालायचं नाही, आई ‘हो हो’ म्हणून स्वयंपाकघरात जायची. बाबांचं म्हणणं एवढंच होतं की ज्याच्या हातात इतकी ताकद आहे त्याला कोणाला तरी जाब द्यावा लागला पाहिजे. मशीन जेवढं मोठं तेवढी तपासणी कडक. मग माणूसच मशीन झाला तर त्याला सोडायचं का?

त्या दिवसापासून आमच्या कॉमिकला वळण लागलं. बाबांनी रविवारी बसून त्याच्यासाठी नियम सांगितले आणि मी ते लिहून घेतले. त्याने आपलं खरं नाव आणि पत्ता सरकारला कळवायचा. कोणाला वाचवलं की चोवीस तासांत रिपोर्ट द्यायचा, त्यात काय मोडलं, कोणाला लागलं, सगळं. वर्षातून एकदा त्याच्या ताकदीची तपासणी. आणि त्याच्यामुळे कोणी जखमी झालं तर साहेबांसमोर उभं राहून उत्तर द्यायचं, उडून जायचं नाही. मैत्रीण आधी फणफणली. मग तिने एक पान काढून आणलं, त्यात ‘तो’ कचेरीच्या बाकावर बसलाय, पाठीवरचा झगा शेजारच्या म्हातारीच्या बुडाखाली अडकलाय आणि शिपाई सांगतोय की साहेब जेवायला गेलेत. आम्ही पोट धरून हसलो. बाबासुद्धा हसले.

हळूहळू त्या वहीत ‘तो’ मागे पडला आणि साहेब पुढे आले. चष्मा, खिशाला पेन, ताठ पाठ. कोणीही ओळखलं असतं. साहेब ओरडायचे नाहीत, फक्त विचारायचे, आणि तो उडणारा, भिंती फोडणारा माणूस मान खाली घालायचा. मैत्रिणीला तो साहेब फार आवडायचा. तिच्या घरी कोणी कोणाला प्रश्न विचारलेलं तिने पाहिलं नव्हतं. गिरणी बंद केली तेव्हा तरी कोणी कोणाला विचारलं होतं? ती एकदा मला म्हणाली की तुझे बाबा असते ना तिथे, तर त्यांनी सगळ्यांना बाकावर बसवलं असतं. मला इतका अभिमान वाटला की मी घरी येऊन तो कोणाला सांगितलासुद्धा नाही. आतल्या आत ठेवला.

पुढे खूप वर्षांनी कळलं की परदेशातल्या कॉमिक्समध्येही हेच आलंय. सरकार सुपरहिरोंची नोंदणी करतं, मग त्यांच्यात तट पडतात, मारामाऱ्या होतात. शिकलेली मोठी माणसं यावर तावातावाने बोलतात. हिरोने सरकारच्या हाताखाली असावं की नसावं. मी तिथे चकार शब्द काढत नाही. मला त्या वादाचा राग येतो, कारण सगळे हिरोबद्दल बोलतात आणि टेबलामागे बसलेल्या माणसाबद्दल कोणी बोलत नाही. मी त्याच माणसाच्या घरात वाढले.

आता प्रेसबद्दल सांगते. काकांच्या मशीनला पुढे एक लोखंडी जाळी लागते. हात आत जाऊ नये म्हणून. पण जाळी लावली की पत्रा सरकवायला वेळ लागतो, झाकणं कमी निघतात, मालक डोळे वटारतो. म्हणून एरवी जाळ्या कोपऱ्यात उभ्या असायच्या. इन्स्पेक्टर वसाहतीत आले की पहिल्या गाळ्यापासून शेवटच्या गाळ्यापर्यंत निरोप जायचा, आणि साहेब पोचेपर्यंत सगळीकडे जाळ्या बसलेल्या असायच्या. साहेब गेले की परत कोपऱ्यात. हे मालकाला माहीत, कामगारांना माहीत. साहेबांना माहीत होतं की नाही हे विचारायची पद्धत नव्हती.

त्या वर्षी काकांच्या गाळ्यात तपासणीला बाबा गेले. काकांनी स्वतः जाळी पुसून बसवली. इतरांनी नुसती अडकवली होती, यांनी चारही बोल्ट घट्ट केले, कारण येणारे साहेब म्हणजे आपल्या पोरीच्या मैत्रिणीचे बाबा. आपल्यामुळे त्यांना वाईट शेरा लिहायची वेळ येऊ नये. खरंच, याच भावनेने. ही माणसंच अशी होती. बाबा आले, काकांनी हसून नमस्कार केला, मुलींचं कॉमिक कुठवर आलं विचारलं. बाबांनी तपासणीच्या वहीत शेरा लिहिला, ‘यंत्रांना जाळ्या बसवलेल्या आढळल्या’, आणि सही केली.

तीन आठवड्यांनी काकांचा उजवा हात प्रेसखाली गेला. चार बोटं गेली. अंगठा राहिला.

बातमी शाळेत आली तेव्हा मधली सुट्टी होती. मैत्रिणीला न्यायला चाळीतली कोणीतरी बाई आली होती. मैत्रीण डबा तसाच उघडा टाकून गेली. मी तो बंद करून घरी आणला आणि धुऊन ठेवला, दुसरं काय करायचं ते मला सुचेना.

चार-पाच दिवसांनी एका संध्याकाळी आई-बाबा स्वयंपाकघरात बोलत होते आणि मी बाहेरच्या खोलीत भूगोल उघडून बसले होते. बाबा हळू बोलायचे, पण आमच्या क्वार्टरच्या भिंती सरकारीच होत्या. ते म्हणाले की जाळीचा हिरवा रंग कोरा करकरीत होता. रोज वापरातल्या जाळीचा रंग हाताने घासून जातो, तेलाने काळा पडतो. हिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. मला बघताक्षणी कळलं, ते म्हणाले. आईने विचारलं, मग लिहिलं का नाही? बाबा म्हणाले, लिहिलं असतं तर मालकाने पहिलं त्यांनाच काढलं असतं. माझ्याकडे बघून हसत होता तो माणूस. माझ्या जिवावर आलं.

मी तेव्हा यावर पूर्ण विश्वास ठेवला. आता निम्मा ठेवते. त्या दिवशी बाबांना अजून सहा गाळे उरकायचे होते, हेही मला माहीत आहे.

मग आईने खरी गोष्ट विचारली. मालकाने म्हणे हात झटकले होते. तो बाबांचा शेरा दाखवून सांगत होता की जाळी होतीच, कामगाराने आपल्या मर्जीने काढली. तसं ठरलं की काकांना भरपाई नाही, आणि वर चूक त्यांचीच. चाळीतल्या लोकांनी एक वकील गाठून दिला होता, तो म्हणत होता की मालकाच्या सांगण्यावरून जाळ्या काढलेल्या असतात आणि हे इन्स्पेक्टरलाही कळत होतं, हे आपण पुढे आणू. इन्स्पेक्टरला बोलावू. आईने विचारलं, बोलावलं तर काय सांगणार तुम्ही?

बाबा म्हणाले, “विचारलं तर खरं सांगेन. आपणहून जाणार नाही.”

आई म्हणाली, नोकरी जाईल. क्वार्टर जाईल. बाबा म्हणाले, जाईल.

मला भूगोलातलं एक अक्षर दिसेना. काकांची दया येत होती का? येत होती. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला भीती वाटत होती. ही गॅलरी, ही शाळा, रस्त्यात बाबांना वाकून नमस्कार करणारे लोक, सगळ्याची वाट लागणार. आणि तेवढ्यात मला एक गोष्ट नीट समजली. बाबा विचारल्याशिवाय बोलणार नाहीत. म्हणजे बाबांना कोणी विचारलंच नाही तर काही होणार नाही. चौदावं लागलेली मुलगी होते मी, अगदी मूर्ख नव्हते.

मैत्रीण पंधरा दिवसांनी शाळेत आली. वाळली होती. मी वही काढली तर तिने ती उघडली नाही. म्हणाली, ‘तो’ आला असता ना तिथे, तरी आधी रिपोर्ट लिहीत बसला असता. मला ते झोंबलं, कारण नियम बाबांचे होते. मी काहीतरी तोडून बोलले आणि आम्ही तास संपेपर्यंत एकमेकींकडे पाहिलं नाही.

शाळा सुटल्यावर ती मागच्या भिंतीपाशी थांबली होती. बाकी कोणी नव्हतं. तिने मला सरळ विचारलं. भांडून नाही, रडून नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण वकील रोज तेच म्हणत होता आणि तिला ते पटत नव्हतं. ती ज्या माणसाची चित्रं काढत होती तो माणूस असं करेल हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

“तुझ्या बाबांना माहीत होतं गं?”

“नाही,” मी म्हटलं. “जाळी लावलेली होती. त्यांना कसं कळणार?”

तिने मान हलवली. तिला केवढं हलकं वाटलं ते मला दिसलं. म्हणाली, मी सांगितलंच होतं माझ्या बाबाला. आणि मग तिने माझा हात धरला आणि आम्ही नाक्यापर्यंत तशाच चालत गेलो. मी हात सोडवला नाही.

काकांच्या भरपाईच्या सुनावणीच्या दिवशी बाबा नेहमीसारखे कामावर गेले. कुठूनही बोलावणं आलं नव्हतं. रोज संध्याकाळी ते आल्याआल्या आईला विचारायचे, काही आलं का, आणि आई नाही म्हणायची. त्या दिवशीही तिने नाहीच सांगितलं. कागद येत नव्हता आणि आमच्या घरात सगळे हळू आवाजात बोलायला लागले होते.

दोन दिवसांनी आईने भाकऱ्या आणि कालवण देऊन मला त्यांच्याकडे पाठवलं. ती स्वतः काही गेली नाही. काका खाटेवर बसले होते, उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. मैत्रीण चहा गाळत होती. काकू, म्हणजे तिची आई, बाहेर कपडे वाळत घालत होत्या, मला बघून आत आल्या नाहीत. मी डबा ठेवला आणि कसं झालं विचारलं. काकांनी सांगितलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, जाळी कोणी काढली? काकांनी सांगितलं, मीच काढली, माझ्या मनाने. मालकाने सांगितलं का? नाही. इन्स्पेक्टरला ठाऊक होतं का? नाही. त्यांना यात ओढू नका. वकिलाने तिथेच कपाळावर हात मारून घेतला. पाच मिनिटांत सगळं आटोपलं.

मी विचारलं, पण काका, असं का? काका हसले. तसेच, नेहमीसारखे.

“अगो, साहेबांका ठावक नव्हता, ह्या तूच सांगलंस मा आमच्या चेडवाक, ह्या पोरीक? मगे त्या देवमाणसाची नोकरी मी कित्याक घालवू? एकदा त्यांका मधी ओढल्यावर काय ती नोकरी रवतली? साहेबांका सांग, काळजी करू नकात. त्यांचा नाव मी येवक दिलंय नाय.”

मालकाचं नाव का नाही घेतलं हेही त्यांनी सांगितलं. मालकाने जाळ्या काढायला लावल्या म्हटलं की पुढचा प्रश्न तपासणीचाच येणार होता, वकिलाने तसं बजावलं होतं. एक धागा ओढला की साहेबांपर्यंत पोचणारच. म्हणून त्यांनी सगळंच स्वतःवर घेतलं. मैत्रिणीने माझ्या हातात कप दिला. ती माझ्याकडे अशी बघत होती जसं काही त्यांनी मला काहीतरी दिलंय आणि मी ते बघून खूश व्हावं. मी चहा प्याले. पूर्ण प्याले. तिथेच, त्या खाटेसमोर, मला बोलता आलं असतं. अजून वेळ गेली नसेल, वकील काहीतरी करू शकेल, एवढं मला समजत होतं. कप खाली ठेवला, येते म्हटलं आणि निघाले.

महिन्याभरात ते सगळे गावाला गेले. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी बाबा घरी येऊन बूट काढत होते. आई देवापाशी दिवा लावत होती. मी काकांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. तुमचं नाव त्यांनी येऊ दिलं नाही. काळजी करू नका म्हणालेत. बाबांच्या हातात बुटाची नाडी होती. त्यांनी मान वर केली.

“मला माहीत नव्हतं असं त्यांना कोणी सांगितलं?”

“मी,” मी म्हटलं.

आयुष्यभर प्रश्न विचारत आलेल्या त्या माणसाने पुढचा प्रश्न विचारला नाही. ते मला ओरडतील, हाताला धरून तसेच मरोळला घेऊन जातील, असं मला वाटलं होतं. मी चपला काढल्यासुद्धा नव्हत्या. बाबा खाली वाकले आणि त्यांनी दुसरा बूट काढला. त्यांचे खांदे सैल झाले. गेल्या कित्येक आठवड्यांत मी ते असे सैल पाहिले नव्हते. त्यांना हायसं वाटलं होतं. ते मला दिसलं, आणि मला दिसलं हे त्यांनाही कळलं. मग ते हातपाय धुवायला आत गेले.